बहिऱ्या संगीतकारासाठी लिहिताना: एलिश्का क्रास्नोहोर्स्का आणि ‘सैतानाची भिंत’

प्रकरण अभ्यासात माणसांची नावे सहसा झाकली जातात. इथे तसे केलेले नाही, कारण बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) हे प्रकरण चेक संगीताच्या इतिहासाचा सर्वज्ञात भाग आहे आणि नावे काढून टाकली तर त्यातले निम्मे अर्थ निघून जातील. एलिश्का क्रास्नोहोर्स्का या लेखिकेने बेद्रिख स्मेतना या संगीतकारासाठी सात-आठ वर्षांत तीन ऑपेरांच्या संहिता लिहिल्या. पहिली कमालीची यशस्वी झाली, दुसरी बऱ्यापैकी उभी राहिली आणि तिसरीच्या वेळी दोघांचे मतभेद झाले. एकत्र काम करण्याची व्यवस्था मात्र तिन्ही वेळा तीच होती. त्या व्यवस्थेत पहिल्यापासून काय राहून गेले होते, याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

एलिश्का क्रास्नोहोर्स्का यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८४७ रोजी प्राग येथे झाला. मूळ आडनाव पेख. रंगकाम करणारे वडील त्या अगदी लहान असतानाच वारले. पुढे किशोरवयातच संधिवाताने गाठले आणि तो जन्मभर सुटला नाही. शिक्षण बहुतेक घरीच झाले, तरी चित्रकला, पियानो आणि परभाषा या तिन्हींत त्यांची गती होती. त्यांच्याहून सतरा वर्षांनी मोठ्या असलेल्या कादंबरीकार कारोलिना स्व्येत्ला यांनी त्यांना लिहिते केले आणि स्त्रियांच्या प्रश्नाकडे वळवले. १८६७ ते १८७४ या काळात क्रास्नोहोर्स्का प्लझेन शहरात होत्या. वयाच्या विशीतच कारेल बेंडल या संगीतकारासाठी त्यांनी ‘लेयला’ या ऑपेराची संहिता लिहिली आणि ती १८६८ मध्ये रंगमंचावर आली. ऑपेराची संहिता ही तेव्हा पुरुषांच्या हातातली गोष्ट होती, आणि तीही बऱ्याचदा डाव्या हाताने लिहिली जाई.

बेद्रिख स्मेतना त्यांच्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठे होते. १८६६ पासून ते प्रागच्या हंगामी (राष्ट्रीय नाट्यगृह उभे राहीपर्यंतच्या तात्पुरत्या) नाट्यगृहाचे मुख्य संगीतसंचालक होते, आणि त्याच वर्षी आलेल्या ‘विकलेली नवरी’ या त्यांच्या विनोदी ऑपेराने पुढे चेक लोकांच्या मनात घर केले. परंतु संहितांच्या बाबतीत त्यांची कायम ओढाताण होत असे. ‘विकलेली नवरी’ची संहिता लिहिणारे कारेल साबिना हे पोलिसांचे खबरे असल्याचे १८७२ मध्ये उघड झाले आणि ते सार्वजनिक जीवनातून कायमचे बाद झाले. ‘दालिबोर’ आणि ‘लिबुशे’ या गंभीर ऑपेरांच्या संहिता योसेफ वेंत्सिग यांनी जर्मनमध्ये लिहिल्या होत्या आणि एर्विन श्पिंड्लर यांनी त्या चेकमध्ये आणल्या होत्या. राष्ट्रीय अस्मितेचा जयघोष करणाऱ्या या कलाकृती मुळात ऑस्ट्रियन राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहिल्या गेल्या, हा विरोधाभास आज आपल्याला जेवढा खटकतो तेवढा त्या काळी खटकत नसावा. जर्मन शाळेत शिकलेल्या पिढीला ते सवयीचे होते. स्वतः स्मेतना यांनीही चेक भाषेचा नेटाने अभ्यास चाळिशीच्या उंबरठ्यावर सुरू केला होता.

इथे भाषेच्या घडणीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. चेक भाषेत शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो. शब्दाच्या आधी एकाक्षरी शब्दयोगी अव्यय आले तर आघात सामान्यतः त्या अव्ययावर सरकतो. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब त्याहून स्वतंत्र असतो. आघात पहिल्या अक्षरावर असताना लांब स्वर दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षरातही येऊ शकतो. मराठी वाचकाला लघु-गुरूची सवय आहे, त्यामुळे दोन वेगळे हिशेब एकाच वेळी सांभाळायचे म्हणजे काय हे त्याला कळू शकेल. जर्मनमध्ये नामापूर्वी उपपद येते आणि कितीतरी क्रियापदांना आघात नसलेला उपसर्ग लागतो, म्हणून तिथे दुबळ्या अक्षराने सुरू होणारी ओळ सहज जमते. चेकमध्ये तशी ओळ लिहायची तर सुरुवातीला एखादा भरताड एकाक्षरी शब्द घालावा लागतो, नाहीतर शब्दाचा आघात चुकीच्या जागी ढकलावा लागतो. जर्मन मापाला धरून केलेल्या भाषांतरात हे दोन्ही दोष आले आणि संगीताने ते आणखी ठळक केले.

१८७१ मध्ये ‘हुदेब्नी लिस्ती’ या संगीतविषयक नियतकालिकात क्रास्नोहोर्स्का यांनी चेक भाषेतील सांगीतिक उच्चारणावर एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. गाण्यातले जोराचे ठोके शब्दाच्या स्वाभाविक आघातावर पडले पाहिजेत. तसे पडत नसतील तर गाणारा कितीही चांगला असला तरी तो परकी भाषा बोलतो असेच वाटेल. तेवीस वर्षांच्या तरुणीने प्रस्थापित संगीतकारांना असे सांगणे हे धाडसाचे होते. स्मेतना यांनी मात्र तो सल्ला मनावर घेतला. त्यांच्या नंतरच्या ऑपेरांतील शब्दांची मांडणी आधीच्यांपेक्षा कितीतरी अधिक स्वाभाविक आहे.

समस्या

१८७४ च्या उन्हाळ्यात स्मेतना यांना कानात आवाज ऐकू येऊ लागले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांची श्रवणशक्ती पूर्णपणे गेली. नाट्यगृहाचे पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी वुर्त्सबुर्ग आणि व्हिएन्ना इथल्या तज्ज्ञांकडे जाऊन आल्यावरही काही फरक पडला नाही. आपल्या ऑपेरांच्या प्रयोगांचे हक्क देण्याच्या बदल्यात नाट्यगृहाने त्यांना वर्षाला १२०० गुल्डन (तेव्हाचे ऑस्ट्रियन चलन) देण्याचे ठरले, पण ती रक्कम वेळेवर येईलच याची खात्री नसे. १८७६ मध्ये खर्चाच्या ओढाताणीपायी ते प्राग सोडून याब्केनित्से या खेड्यात, वनाधिकारी असलेल्या जावयाच्या घरी मुलीकडे राहायला गेले.

त्यांना नुसते ऐकू येत नव्हते असे नाही, तर डोक्यात सतत घोंघावणारा आवाज चालू असे, आणि स्वररचनेचे काम लांबले की तो वाढत जाई. म्हणजे काम करण्याची वेळ मोजकी, चुका दुरुस्त करण्यासाठी लागणारी ताकद त्याहून मोजकी. पियानोवर बसून संहितालेखिकेला एखादी चाल वाजवून दाखवावी आणि तिने “ही ओळ इथे अडते” म्हणावे, हा मार्ग व्यवहारात बंद झाला होता. समोरासमोर बसले तरी एका बाजूने कागदावर लिहूनच बोलायचे. मुख्य आधार टपालाचा.

क्रास्नोहोर्स्का यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न असा मांडता येतो: जो संगीतकार आपल्या ओळी कुणाच्या तोंडून ऐकू शकणार नाही, ज्याला एकेका पानामागे शारीरिक त्रास सोसावा लागतो, आणि ज्याच्या पुढच्या यशावर त्याचे पोटही अवलंबून आहे, त्याच्यासाठी कोणत्या प्रकारची संहिता लिहायची आणि ती कशी पोचवायची? त्यांची स्वतःची प्रकृती तोळामासा होती आणि १८७५ पासून ‘झेन्स्के लिस्ती’ या स्त्रियांच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले होते.

समोर असलेले पर्याय

हे पर्याय क्रास्नोहोर्स्का यांनी एका यादीत मांडले होते असा दावा इथे नाही. परिस्थितीकडे पाहता ते त्यांच्यासमोर होते एवढेच म्हणायचे आहे.

‘व्हिओला’ हा त्यातला सर्वांत आकर्षक पर्याय. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’वर आधारलेली ही संहिता क्रास्नोहोर्स्का यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभीच स्मेतना यांना दिली होती आणि त्यांना ती मनापासून आवडली होती. बहिरेपण येण्याच्या वर्षीच त्यांनी तिची काही टिपणे केली होती. पण जुळी भावंडे, वेषांतर, गैरसमजांची साखळी असे गुंतागुंतीचे कथानक संगीतातून स्पष्ट करायचे तर पात्रांचे आवाज, वाद्यांचे रंग आणि प्रसंगांची गती यांत सतत बारीक फेरफार करावे लागतात. नव्याने बहिऱ्या झालेल्या माणसाने पहिल्याच प्रयत्नात हे अंगावर घ्यावे का, ही शंका रास्त होती.

‘लिबुशे’सारखी भव्य ऐतिहासिक रचना करायची तर मोठे समूह, मोठा वाद्यवृंद आणि न संपणारे काम आले. शिवाय ‘लिबुशे’ स्वतःच राष्ट्रीय नाट्यगृहाचे उद्घाटन होईपर्यंत राखून ठेवलेली होती. तिच्या मागे अजून एक तसलीच कृती रांगेत उभी करण्यात हशील नव्हते. क्रास्नोहोर्स्का यांना बेंडल किंवा तरुण झ्देन्येक फिबिख यांच्यासाठी लिहिण्याची वाटही मोकळी होती, आणि पुढे फिबिखसाठी त्यांनी ‘ब्लानिक’ लिहिलेही.

उरला तो ग्रामीण जीवनावरचा, थोडक्या पात्रांचा विषय. प्रेक्षकांना दुसरी ‘विकलेली नवरी’ हवी होती, आणि नाट्यगृहालाही तेच चालले असते. धोका असा की तशी नक्कल झाली तर ती नक्कलच ठरली असती.

पहिला निर्णय: ‘चुंबन’

क्रास्नोहोर्स्का यांनी ग्रामीण विषय निवडला, पण विनोदाचा भर बदलला. मूळ कथा त्यांच्या मार्गदर्शक स्व्येत्ला यांची. पहिली पत्नी नुकतीच वारलेला लुकाश आपल्या आधीच्या प्रेयसीला, वेंदुल्काला, मागणी घालतो. ती होकार देते, पण लग्न लागेपर्यंत चुंबन देणार नाही म्हणते, कारण मेलेल्या बाईच्या आत्म्याला त्याने क्लेश होतील अशी तिची श्रद्धा. तो हट्टाला पेटतो, तीही पेटते. तो दारू पिऊन तिच्या खिडकीखाली दुसऱ्या मुलींबरोबर नाचतो, ती घर सोडून सीमेवर चोरटी मालवाहतूक करणाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या मावशीकडे निघून जाते, आणि अखेर समेट होतो. कथानक म्हणून यात काहीच नाही म्हटले तरी चालेल. दोन हट्टी माणसे आणि एक न दिलेले चुंबन.

माझ्या मते हीच या निवडीतली दूरदृष्टी होती. कथानक इतके साधे असल्यामुळे संगीतकाराला प्रसंग समजावून सांगत बसावे लागत नाही. सगळी ताकद दोन माणसांच्या भांडणाच्या चढउतारावर लावता येते. दोनच अंक, मोजकी पात्रे, दोन-तीन माणसांचे प्रसंग. मधे पाळण्याजवळचे वेंदुल्काचे अंगाईगीत. दिवसातला थोडाच वेळ काम करता येणाऱ्या माणसाला हे पेलण्यासारखे होते.

दुसरी गोष्ट शब्दांच्या घडणीची. १८७१ च्या लेखात त्यांनी जे सांगितले होते ते इथे त्यांनी स्वतः करून दाखवले. ओळी अशा रचल्या की बोलताना जिथे जोर येतो तिथेच तालाचा ठोका पडावा. कानांनी तपासण्याची सोय राहिली नसली तरी ओळीचा ताल कागदावर दिसत होता. बहिरा संगीतकार मनात ऐकू शकतो हे खरेच, पण भाषेच्या बाबतीत ज्याचा कान मुळात जर्मनवर तयार झालेला आहे, त्याच्या मनातल्या ऐकण्याला असा आधार मिळणे ही मोठी गोष्ट होती. एका तांत्रिक लेखाचा एवढा थेट उपयोग नंतर होईल, याची कल्पना तो लिहिताना कुणालाच नसणार.

स्मेतना यांनी १८७५ च्या अखेरीस सुरुवात केली आणि १८७६ च्या उन्हाळ्यात काम पुरे केले. ७ नोव्हेंबर १८७६ रोजी अडॉल्फ चेख यांच्या संचालनाखाली हंगामी नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला आणि तो उत्तम यशस्वी ठरला. ‘विकलेली नवरी’खालोखाल लोकांचे प्रेम ज्या स्मेतना-ऑपेराला मिळाले तो हाच.

या टप्प्यावर दोघांमध्ये कोणताही नियम ठरलेला नव्हता. लेखिका संहिता लिहून देई, संगीतकार ती जशीच्या तशी किंवा किरकोळ बदलांसह स्वरबद्ध करी. दोघांना एकमेकांविषयी नितांत आदर होता आणि कृती कोणत्या जातीची आहे याविषयी दुमत नव्हते, म्हणून नियमाची गरजच भासली नाही.

दुसरा निर्णय: ‘गुपित’

१८७७ मध्ये क्रास्नोहोर्स्का यांनी ‘गुपित’ ही संहिता दिली आणि १८ सप्टेंबर १८७८ रोजी ती नव्या चेक नाट्यगृहात रंगमंचावर आली. बेझ्देझ किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातील कालिना आणि मालिना या दोन प्रतिष्ठितांचे जुने वैर, एका मृत साधूने मागे ठेवलेला खजिन्याचा नकाशा, आणि भुयारातून खजिना शोधत निघालेला कालिना शेवटी जिच्याशी लग्न राहून गेले त्या रोझाच्या घरात निघतो, अशी ही कथा. इथे पात्रे वाढली, समूहगीते वाढली, दोन गटांची एकमेकांवर कुरघोडी करणारी गाणी आली. ‘चुंबन’च्या यशामुळे लेखिकेने संगीतकारावर जास्त भार टाकला असे म्हणता येईल, आणि त्यांनी तो पेललाही. या ऑपेराचे बांधकाम फार पक्के आहे, पण प्रेक्षकांनी ‘चुंबन’सारखे त्याला डोक्यावर घेतले नाही.

याच काळात स्मेतना ‘माझा देश’ ही सहा सिंफनिक काव्यांची (वाद्यवृंदासाठीच्या वर्णनपर रचनांची) मालिका पुरी करत होते. ती १८७९ मध्ये संपली. प्रकृती उतरणीला लागली होती आणि स्मरणशक्तीही दगा देऊ लागली होती.

तिसरा निर्णय: ‘सैतानाची भिंत’

तिसऱ्या संहितेसाठी क्रास्नोहोर्स्का यांनी दक्षिण बोहेमियातील दंतकथा घेतली. व्हल्टावा नदीकाठी, व्हिश्शी ब्रोद मठाच्या वरच्या अंगाला प्रचंड शिळांची एक उतरंड आहे. मठ बुडवण्यासाठी सैतानाने नदीला घातलेला बांध म्हणजे ही उतरंड, असे लोक सांगत. तेराव्या शतकात हा मठ स्थापन करणारा सरदार वोक हा ऑपेराचा नायक. प्रौढ, अविवाहित, दुःखी. त्याचा विश्वासू सरदार यारेक याने वोकचे लग्न झाल्याशिवाय आपण लग्न करणार नाही अशी शपथ घेतलेली. आणि वोकच्या भोवती दोन आकृत्या सारख्या फिरतात: बेनेश नावाचा महत्त्वाकांक्षी एकांतवासी साधू, आणि हुबेहूब त्याचेच रूप घेणारा राराख नावाचा सैतान.

या कल्पनेकडे दोघांनी दोन नजरांनी पाहिले. क्रास्नोहोर्स्का यांच्या मनात धर्मसंस्था आणि सैतान यांचा संघर्ष होता. प्रतीकात्मक, वरवर हसता येईल पण आतून गंभीर. एकाच चेहऱ्याचे दोन अधिकार माणसाच्या सुखात लुडबूड करतात, ही त्यातली टोचणी. स्मेतना यांना मात्र विनोदी ऑपेरा हवा होता. शेवटी ‘विनोदी-अद्भुतरम्य ऑपेरा’ असे नाव ठरले, आणि त्या जोडनावातच तडजोड दिसते.

खरा पेच संगीत लिहिताना उभा राहिला. ‘चुंबन’ स्वरबद्ध करायला स्मेतना यांना काही महिने लागले होते. ‘सैतानाची भिंत’ १८७९ मध्ये हाती घेतली ती १८८२ च्या वसंतात संपली. या तीन वर्षांत त्यांनी संहितेतले बरेच भाग गाळले आणि काही ठिकाणी मजकुरात फेरफार केले. याची कारणे दोन होती. एक म्हणजे ऑपेराची जात आपल्या मनासारखी करणे. दुसरे अगदी शारीरिक: इतक्या शब्दांना सूर देण्याची ताकद उरली नव्हती. क्रास्नोहोर्स्का नाराज झाल्या. ज्या ओळींवर त्यांच्या मते गंभीर अर्थाचा तोल होता, नेमक्या त्यांतल्या काही गेल्या होत्या.

या ठिकाणी लेखिकेसमोर तीन मार्ग होते. संहिता परत मागता आली असती. पण आजारी माणसाच्या हातून अर्धे झालेले काम काढून घेणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. गाळलेल्या जागा जोडून घेणारा नवा मजकूर लिहून देता आला असता, म्हणजे काटछाट झाली तरी अर्थाचा सांधा तुटला नसता. किंवा नापसंती कळवून पुढचे संगीतकारावर सोपवता आले असते. प्रत्यक्षात जे घडले ते तिसऱ्या मार्गाच्या जवळचे होते. कृती पुरी झाली, संबंध तुटले नाहीत, पण संहितेवरचा ताबा हळूहळू एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि तो कधी गेला हे दोघांनी एकत्र बसून ठरवले असे नाही.

परिणाम

२९ ऑक्टोबर १८८२ रोजी नव्या चेक नाट्यगृहात ‘सैतानाची भिंत’चा पहिला प्रयोग झाला. राष्ट्रीय नाट्यगृह आदल्या वर्षी जूनमध्ये ‘लिबुशे’ने उघडले होते आणि दोनच महिन्यांत आगीत भस्मसात झाले होते, त्यामुळे अशा अद्भुत कथानकाला लागणारी यंत्रसामग्री आणि देखावे मिळण्याची आशा नव्हती. नदीला बांध घालणारा सैतान तुटपुंज्या साधनांत उभा करायचा म्हणजे हसू होण्याचीच शक्यता जास्त. प्रयोग पडला.

अपयशाचे खापर कुणावर फोडायचे याबद्दल तेव्हापासून वाद आहे. सादरीकरण कच्चे होते हे सर्वमान्य आहे. पण संहितेतही अडचण होती आणि ती दोन्ही बाजूंची होती. राराख आणि बेनेश हे दोघेही खर्जातले आवाज. रूप एक, आवाजाची जात एक. वाचताना ही कल्पना झकास वाटते. रंगमंचावर मात्र प्रेक्षकाला कोण कोण आहे हे कळण्यासाठी शब्दांचा आधार लागतो, आणि काटछाट झाली होती ती शब्दांतच. म्हणजे लेखिकेच्या कल्पनेला ज्या प्रमाणात स्पष्टीकरण लागत होते, नेमके तेवढे संगीतकाराला परवडत नव्हते. ‘चुंबन’मध्ये असा पेच येऊच शकला नसता. तिथे न सांगताही सगळे कळते.

दोघांच्या संबंधांवर याचा कायमचा डाग पडला नाही. स्मेतना पुन्हा ‘व्हिओला’कडे वळले आणि १८८४ च्या आरंभापर्यंत, बुद्धी भ्रमत चाललेली असताना, तिच्या पहिल्या अंकाचा काही भाग लिहीत राहिले. एप्रिलमध्ये त्यांना प्रागच्या मनोरुग्णालयात हलवण्यात आले आणि १२ मे १८८४ रोजी तिथेच ते वारले. क्रास्नोहोर्स्का यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या जीवनकार्यावर एक पुस्तक लिहिले. बेंडलसाठी ‘ताबोरचे मूल’ लिहिले, मित्सकिएविच, पुश्किन आणि बायरन यांचे काव्य चेकमध्ये आणले. १८९० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने प्रागला ‘मिनर्व्हा’ ही मुलींची माध्यमिक शाळा निघाली. मुलींना विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणारी ती मध्य युरोपातील पहिली शाळा. चेक विद्यापीठातून १९०२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या स्त्री डॉक्टर आना होन्झाकोव्हा याच शाळेतल्या. संहितालेखन हा क्रास्नोहोर्स्का यांच्या कामाचा एक भाग होता, आणि त्यांच्या हयातीतच अनेकांना तो शाळेपुढे दुय्यम वाटू लागला होता. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले.

वेगळे काय करता आले असते

पहिली जागा १८७९ ची. संहिता सुपूर्द करण्याआधी ही कृती कोणत्या जातीची, हा प्रश्न दोन ओळींच्या पत्रात सुटण्यासारखा होता. तीन वर्षांपूर्वी तो विचारावा लागला नव्हता म्हणून तो आताही विचारला गेला नसावा. आधीच्या यशाने दोघांची अशी समजूत करून दिली की आपले एकमत गृहीतच आहे. खरे तर ते ‘चुंबन’च्या विषयाने आपोआप घडवून आणलेले एकमत होते.

दुसरी जागा काटछाटीची. गाळलेल्या प्रत्येक भागाच्या जागी लेखिकेकडून चार-सहा जोड ओळी मागवण्याची पद्धत ठेवली असती तर शब्द कमी झाले असते आणि अर्थ टिकला असता. टपालाला वेळ लागे. तीन वर्षे चाललेल्या कामात तेवढा वेळ निश्चित होता. क्रास्नोहोर्स्का यांच्यासारखी घट्ट लिहिणारी लेखिका हे सहज करू शकली असती.

तिसरी जागा पात्रयोजनेची, आणि इथे मला लेखिकेचा दोष जास्त वाटतो. ज्याला प्रयोग ऐकता येणार नाही आणि तालमीत बसून सुधारणा करता येणार नाही, त्याच्या हाती एकसारख्या दोन पात्रांचा खेळ देणे हा धोका होता. ‘चुंबन’च्या संहितेत त्यांनी जो संयम दाखवला होता तो इथे सुटला.

मात्र या सर्व सूचनांना एक मोठी हरकत घेता येते आणि ती टाळता येत नाही. संहितेतला एकही शब्द लेखिकेच्या संमतीवाचून बदलायचा नाही, असा नियम १८७९ मध्ये ठरला असता, तर थकलेल्या स्मेतना यांनी ती संहिता बहुधा बाजूला ठेवली असती. ‘व्हिओला’ची संहिता लेखिकेच्या आणि संगीतकाराच्या दोघांच्याही मनासारखी होती, आणि ती अपूर्ण राहिली. ‘सैतानाची भिंत’ दोघांपैकी कुणाच्याच पूर्ण मनासारखी नव्हती, तरी ती शेवटच्या स्वरापर्यंत लिहिली गेली. त्यातले वोकच्या एकटेपणाचे संगीत आज जाणकार स्मेतना यांच्या सर्वोत्तम लेखनात मोजतात, आणि ते आपल्यापर्यंत पोचले यात त्या वादग्रस्त काटछाटीचाही वाटा आहे.